पावण्याचा खडा

आई-वडील ऊसतोडीला जायचे; घरात कॉलेज बघितलेला मीच पहिला. नव्वदच्या दशकात मी संख्याशास्त्रात पीएच.डी.ला लागलो आणि गुळाच्या प्रतीचा अभ्यास करायला कोडोलीच्या एका गुऱ्हाळावर जाऊ लागलो. तिथला गूळ रांधणारा गुळव्या मला बघितलं, की ढेपा हुंगून हुंगून पिवळाधमक खडा फोडायचा.

"मामा, डोळं झाकून कुठलाबी द्या."

"पावण्याला काळा गूळ देऊ व्हय? मला लाज हाय की."

हंगाम संपला तरी माझ्या नमुन्यांत काळा खडा नव्हता. नमुने निवडून घेतलेले आहेत म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी वर्षभराचे आकडे बाद केले.

पुढच्या हंगामात मी ढेपांना नंबर घालून चिठ्ठ्या काढल्या. काळी ढेप निघाली, की तो तोंड फिरवून खडा फोडायचा आणि एक पिवळा खडा माझ्या खिशात कोंबायचा.

"ह्यो मोजायचा न्हाय. खायचा."

त्या काळ्या खड्यांसकट प्रबंध पुरा झाला. मला पीएच.डी. मिळाली.