ताईचे पट्टेवाले मासे

हे मी सांगायला नको होतं. "माझ्या फजित्या कोणाले सांगू नको वं," असं ताईने बजावलं होतं. ताई पुण्याला माशांवर पीएचडी करते. पण माझी मैत्रीण पल्लवी हिला रक्ताचा कॅन्सर आहे. लाखनीहून नागपूरला दवाखान्यात जायची वेळ आली की ती म्हणते, "आधी ताईचा किस्सा सांग, मंगच जातो." मग किस्से साचणारच ना!

*

ताईने माशाचा फोटो पाठवला. बोटाएवढाही नाही, अंगावर निळे पट्टे. बाबा म्हणाले, "हे तं आपल्या धानाच्या बांधीत दिसते! याच्यासाठी पुण्याले गेली?"

*

संध्याकाळी नर आणि मादी एका डब्यात ठेवायचे, मधे काचेसारखा पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा, मग अंडी मिळतात. ताई पहिल्या दिवशी दुपारपर्यंत डब्यासमोर बसून राहिली. अंडी नाहीत! शेवटी तिचे सर आले. "मॅडम, अंतरपाट कोण काढणार?"

हे ऐकून आई म्हणाली, "माशायचे लग्न लावते, अन् स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं की फोन कट!"

*

माशाचा आणि कॅन्सरचा काय संबंध, असं मी विचारलं. ताई म्हणाली, "रक्त बनवणारे बरेचसे जीन त्यायचे अन् आपले सारखेच. जीन म्हणजे दिवे समज. मी त्यायचे बटन शोधतो. बंद व्हायला पाहिजे ते बटन चालूच राहिलं, तं रक्त बिघडते."

बाबांनी लगेच विचारलं, "अन् लाइनच गेली तं?"

ताई गंभीरपणे म्हणाली, "तेही शोधून राहिलो."

*

या वेळी पल्लवी हट्टालाच पेटली. डोक्याचा रुमाल घट्ट बांधून म्हणाली, "किस्सा बी नको. मी जातच नाही." डॉक्टरांनी एकही फेरी चुकवू नका म्हणून सांगितलेलं. तिची आई रडायला लागली.

ताई सुट्टीत आली होती. तिने मोबाइलवर माशाचं दोन दिवसांचं पिल्लू दाखवलं. अंग आरपार दिसतं, आत हृदय धडधडतंय, रक्त पळतंय.

पल्लवी बघतच राहिली. "याचं नाव काय?"

"नाव नाही, नंबर असते."

"नंबर तं मले बी आहे. पण सिस्टर नावानं हाक मारते."

ताईने अंगणात जाऊन लॅबमध्ये फोन लावला. थोड्या वेळाने फोटो आला. छोट्या डब्यात एक मासोळी, वर चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने लिहिलेलं : पल्लवी.

पल्लवीने फोटो मोठा करून पाहिला. "केवढं पोट आहे हिचं! कमी चारा हिले!"

मग ती ताईजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, की परत आल्यावर ती स्वतः पुण्याला जाऊन त्या मासोळीला…

थांबा, दारातून पल्लवीच ओरडतेय. "काय लिहून राहिली वं? नागपूरची एसटी आली! उचल माझी पिशवी!"