टाळ ऐकू येणारी वायर

आमच्या घरात दोन वस्तूंना मी हात लावायचा नाही असा ह्यांचा दंडक होता. एक पखवाज आणि दुसरा टेप. पखवाजाचं मी समजू शकते, पण टेप? त्याला टेप म्हणायचं ते आपल्या समजुतीसाठी. कॅसेटचा डेक वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा आणि दोन स्पीकर असे की झाडायला गेलं तर अर्धी खोली त्यांचीच. औरंगाबादला एक साहेब रिटायर होऊन गावी निघाले होते, त्यांच्याकडून ह्यांनी ते सगळं उचलून आणलं. आणि त्याच्यावर वाजायचं काय, तर आमच्याच गावच्या भजनाची एक कॅसेट, सप्ताहात देवळात भरलेली. गायला बुवा, पखवाजावर हे आणि भोवती टाळकरी. माणसानं स्वतःचंच वाजवणं ऐकावं तरी किती? मी विचारलं की म्हणायचे, "चुका शोधतोय."

"माझ्या शोधायला बरा टेप लागत न्हाई तुमाला," मी म्हणायची.

हे दूध सोसायटीचे सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं आणि मग देवळात पखवाज, हा ह्यांचा दिवस. उमापुरापासून माजलगावापर्यंत कुठंही सप्ताह असला की पखवाजाला ह्यांनाच निरोप यायचा. दुसरा कसलाही शौक नाही, तंबाखूसुद्धा नाही. म्हणून मी त्या टेपाचं धूड चालवून घेतलं.

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीपासून मात्र भजनात ह्यांची लय पळायला लागली. हे पुढं आणि टाळ मागं. टाळकरी एकमेकांकडं बघायचे, पण सचिवांच्या तोंडावर बोलणार कोण? मीच घरी आल्यावर बोलले. तर म्हणाले, टाळकरी पोरं नवी हायत, रेंगाळतात. मग त्यांनी ती कॅसेट लावली, बराच वेळ ऐकली आणि त्यांचा चेहराच उतरला. "ह्याच्यातनं टाळ गेलेत गं," म्हणाले. "आधी कसे खणखणीत यायचे." थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "टेपातले टाळ परत आले तर माझा कान शाबूत हाय. न्हाई आले तर पखवाज ठेवून द्यायचा. बेसूर माणसाला लोक चालवून घेतात, बेताल माणसाला न्हाई."

मग दोष कुणाचा, ह्याचा शोध सुरू झाला. पहिला आरोपी व्होल्टेज. ते काही अगदी खोटं नव्हतं. एका डीपीवर, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या शिवाराच्या मोटारी. लाईट आली रे आली की सगळे एकदम बटन दाबायचे. बल्ब विस्तवासारखा लाल व्हायचा आणि टेपातले बुवा तापानं फणफणल्यासारखे गायला लागायचे. "ह्या व्होल्टेजात टाळ कुठनं येणार?" हे म्हणायचे. मलाही पटायचं.

पुढच्या वर्षी पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. माजलगावच्या धरणात माणसं चालत फिरायला लागली. आमच्या शिवारातल्या विहिरी एकेक करून आटल्या. लोकांनी मोटारी काढून अंगणात आणून ठेवल्या. जनावरं चारा छावणीला गेली. सोसायटीत दुधाचे कॅन उपडे पडले. आणि व्होल्टेज? काय विचारता! डीपीवर ओढणारंच कुणी उरलं नाही, तर लाईट अशी फुल की बल्बाकडं बघवेना. प्यायला टँकरची वाट बघायची आणि पंखा मात्र भिरभिर भिरभिर.

टेप तर असा वाजायला लागला की चुलीपाशी बसून मला टाळ न् टाळ वेगळा ऐकू यायचा. मधेच कोण खोकलं तेसुद्धा. हे स्पीकरला कान लावून बसलेले. मी बाहेर येऊन म्हटलं, "आले ना टाळ आता?"

"बुवा आले. पखवाज आला. टाळ न्हाई."

मी तिथंच म्हटलं, गेवराईला जाऊन कान दाखवा. "माझ्या कानाला काय धाड भरलीय?" म्हणून असे खेकसले की दोन्ही वेळेला जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही. मलाही राग आहे म्हटलं.

त्याच आठवड्यात माझा भाऊ पुण्याहून आला. त्याला ह्या गाण्याच्या मशिनींचं लई वेड. पुण्यात त्यांचं एक टोळकंच आहे, रविवारी एकमेकांच्या घरी जाऊन एकच गाणं दहा मशिनींवर ऐकतात. ह्यांनी त्याला टाळांचं सांगितलं. तो गालात हसला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्या मशिनीला काही झालेलं नाही. तुमची पॉवरची वायर भिकार आहे." आणि पुढच्या खेपेला घेऊन आला की वायर! मनगटाएवढी जाड, वरून विणलेली, दोन्ही टोकांना सोनेरी पिना आणि ठेवायला मखमलीची पेटी. तेवढ्या पैशात दोन शेळ्या आल्या असत्या, तेही दुष्काळाच्या आधीच्या भावानं.

"ताई, भिंतीतून येणारी वीज घाण असते," भाऊ मला समजावायला लागला. "ही वायर ती गाळून घेते. मग वरचे बारीक आवाज मोकळे होतात. टाळ, घुंगरं, सगळं."

"टँकरचं पाणी गाळणारी न्हाई का मिळाली पुण्यात?" मी म्हटलं. "आणि काय रे, डीपीपासून आपल्या घरापर्यंत तार कशी येते बघितलीस का? तीन ठिकाणी गाठ मारलीय, एका ठिकाणी बाभळीत अडकलीय. तिथनं घाण वीज येणार आणि शेवटच्या दोन हातांत गंगास्नान करणार होय?"

"ताई, तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! वायर जोडली, कॅसेट लावली. हे डोळे मिटून बसले. भावानं विचारलं, "दाजी, फरक?" हे जरा थांबून म्हणाले, "थोडा." मी ह्यांच्याशी इतकी वर्षं संसार केलाय. ह्यांचं 'थोडा' म्हणजे 'अजिबात नाही', पण पाव्हण्याचं मन मोडायचं नाही.

त्या दिवसांत सोसायटीच्या खोलीत छावणीची पेंड भरली होती, म्हणून संचालकांची बैठक आमच्या ओसरीवर भरायची. विषय काय असणार? दूधच नव्हतं. तर चेअरमन म्हणाले, "सचिव, पुण्याची वायर आलीय म्हणं. ऐकवा की." भाऊ तर टपूनच होता. एकदा साधी वायर, एकदा भारी वायर, सगळ्यांनी ऐकून सांगायचं असं ठरलं. वायरी बदलायच्या कुणी? चेअरमन म्हणाले, "सचिव नको आन् पाव्हणं बी नको. वहिनी बदलतील. त्यांना दोन्हीचं सोयरसुतक न्हाई."

चेअरमनपुढं ह्यांचा दंडक चालला नाही. मी पडद्याआड टेपापाशी गेले. साध्या वायरीवर कॅसेट लावली. थांबवली, जरा खुडबुड केली आणि पुन्हा लावली.

आमच्या सोसायटीची एक रीत आहे. चेअरमननी हात वर केला की बाकीच्यांनी करायचा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. सोसायटी काढल्यापासून एकही ठराव पडलेला नाही. चेअरमन म्हणाले, "फरक हाय. जमीन-अस्मानाचा." आणि हात वर. लगेच सगळे हात वर. एक जण तर म्हणाला, बुवा समोर येऊन बसल्यासारखे वाटले. माझा भाऊ छाती काढून बसला.

एकच हात खाली होता. ह्यांचा.

"सचिव, तुमचा हात?"

"मला न्हाई वाटला काही फरक," हे म्हणाले.

मी पिठाच्या डब्यातून मखमलीची पेटी काढली आणि ओसरीवर सगळ्यांच्या मधे नेऊन ठेवली. म्हटलं, वायर इथं हाय. दोन्ही वेळेला जुनीच होती. असा हशा उसळला की रस्त्यावरची माणसं डोकावली. चेअरमन तर पोट धरून हसले. "एवढ्या बैठकीत एकट्या सचिवांचा कान खरा," म्हणाले. भाऊ तेवढा फुरंगटला. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून गेला, तुमच्याकडं ऐकायची सवय नाही म्हणाला. ने बाबा, म्हटलं.

त्या हशातच मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं होतं खूश होतील. पण हे हसत नव्हते. हशा ओसरल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "टाळ दोन्ही बारीला आले का?"

"आले की," चेअरमन म्हणाले. "खणखणीत. आपले टाळ कवा गेलते सचिव?"

हे "बरं" म्हणाले. चहा घेतला, बैठक उठली. मग आत गेले, पखवाजाला गवसणी घातली, दोऱ्या आवळून बांधल्या आणि तो धान्याच्या कोठीमागं नेऊन ठेवला. व्होल्टेज नाही, टेप नाही, वायर नाही. आता दुसरं नाव घ्यायला काही उरलंच नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी कोठीमागून पखवाज ओढून काढला आणि ह्यांच्यापुढं आपटता आपटता सावरून ठेवला.

"कशापायी ठेवता? टाळ नसतील येत ऐकू, बाकीचं तर येतं ना?"

"लय पळते माझी. मला कळत न्हाई, आन् ज्याला कळतं तो मला सांगत न्हाई."

"मी सांगते."

ह्यांनी पखवाज परत कोठीमागं नेला नाही. आणि एकादशीला चेअरमन बोलवायला आले तेव्हा पखवाज घेऊन निघाले. मी मागोमाग गेले आणि रोजच्यासारखी बायांच्यात, खांबाआड बसले. परत येताना वाटेत ह्यांनी विचारलं, "पळालो का?"

"एकदा. तिसऱ्या अभंगाच्या शेवटाला. लई पळालात."

हे थांबले. तो अभंग तोंडातल्या तोंडात म्हटला, मांडीवर बोटं वाजवून बघितली, मान हलवली.

"घरी येऊन कळून काय उपेग?" म्हणाले. "उद्यापासून बायांच्यात बसू नको. माझ्या समोर बस, टाळकऱ्यांच्या रांगेत. मी पळालो की तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. त्या दिसतेत मला."

तेव्हापासून मी देवळात बायांच्यात बसत नाही.