चादरीचं दुसरं टोक

बारक्यानं भाषणं ठोकून माणसं जोडली नाहीत. जोडली ती चादरी धरून. त्याची आई सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. तिथं वाळलेल्या चादरीची घडी घालायला दोघं लागतात, एकेका टोकाला एकेक. हा पोरगा कॉलेज बुडवून जायचा, समोरचं टोक धरायचा आणि घडी होईपर्यंत त्या बाईचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायचा. सगळ्या बायका वर्षानुवर्षं कंत्राटावर. बाळंतपणाला गेली की नोकरीही गेली. एवढं साधं दुखणं, पण कान द्यायला कुणाला सवड होती? बघता बघता संघटना उभी राहिली आणि तिच्या जोरावर हा काडीपैलवान आमदार झाला.

तिकीट दिलं ते पक्षाच्या दादांनी. दादा म्हणजे बडं प्रस्थ. खांद्यावर हात ठेवून "तू मला धाकट्या भावासारखा" म्हणायचे आणि आमचा बारक्या लोण्यासारखा विरघळायचा. धुलाईचं कंत्राट दादांच्या साडूकडे आहे हे त्याला ठाऊक होतं. पण भाऊ म्हणणारा माणूस साडूपायी आपला गळा कापेल, असं कुणाच्या मनात येतं?

पहिल्याच अधिवेशनात त्यानं विधेयक आणलं: धुलाईघरातल्या बायकांना कायम करा. भाषणही झकास झालं. मतदानाच्या दिवशी आई चार मैत्रिणींना घेऊन, ठेवणीतले कपडे घालून, वरच्या सज्जात येऊन बसली.

सभागृहात एक जुनी रीत होती. समोरच्या बाजूच्या कुणाला मतदानाला येता येत नसेल, तर आपल्यातल्याही एकानं बाहेर बसायचं, म्हणजे कुणाचं नुकसान नाही. ना सही, ना शिक्का, सगळं शब्दावर. दादांनी बारक्याला खांबाआड घेतलं.

"समोरच्या बाकावरल्या वकीलसाहेबांच्या बायकोचं ऑपरेशन आहे रे. ते येत नाहीत. आपला एक बाहेर बसवायचाय. तू बस."

"मी? दादा, विधेयक माझंच आहे!"

"म्हणून तर! त्यांना तुझाच शब्द हवाय. बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवतं?"

बारक्याची छाती फुगली. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. लेकानं शब्द दिला आणि कँटीनमध्ये चहा घेत बसला.

मतं सारखी पडली. आणि सारखी पडली की विधेयक पडतं, असा तिथला नियम. धावत आलेल्या शिपायानं सांगितलं, "साहेब, वकीलसाहेब आले होते की! विरोधात हात वर करून बसले होते." बारक्या तसाच दादांच्या खोलीत घुसला. वकीलसाहेब तिथंच होते, दादांच्या शेजारी, बिस्किट खात.

"तुमच्या बायकोचं ऑपरेशन?" बारक्यानं विचारलं.

"माहेरी गेलीय. ठणठणीत आहे," वकीलसाहेब हसले.

दादा मात्र हसले नाहीत. "अरे, रीत आहे ती, कायदा थोडाच आहे? मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या अधिवेशनात परत आणू." आणि त्यांनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला. बारक्याला त्या हाताची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली, कारण तो हात त्याला झटकता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुलाईघरात गेला. एरवी चहाटळपणा करणाऱ्या बायका माना खाली घालून काम करत होत्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आई वाळलेल्या चादरी उपसत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. रीत, शब्द, ऑपरेशन, बिस्किटं. खरं तेच सांगत होता, पण त्याचं त्यालाच ते थापांसारखं वाटत होतं.

"आम्ही वरून बघत होतो," आई म्हणाली. "सगळे दिसत होते. तो वकीलसुद्धा. तुझी तेवढी खुर्ची रिकामी."

"आई, मला फसवलं गं त्यांनी."

"तुला त्यांनी फसवलं. आणि आम्हाला रे?"

आईनं चादर झटकली तसं त्यानं सवयीनं समोरचं टोक धरलं. तिनं ते त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतलं, चादर हनुवटीखाली दाबली आणि एकटीनं घडी घातली. घडी वाकडी झाली. तिनं ती तशीच गठ्ठ्यावर ठेवली.