सांगीताईंचं चित्र

मोकाशीकाका पाच वर्षांच्या पोरालाही ‘अहो’ म्हणत. पनवेलच्या उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या मुलांबरोबर आमचा एक गट दर रविवारी सकाळी चित्रं काढायचा. मी खारघरहून पहिल्यांदा गेले, तेव्हा न्हावा शेवा बंदरात आयुष्यभर कारकुनी केलेले हे गृहस्थ नाक पुसत बसलेल्या एका मुलीला विचारत होते, “सांगीताई, तुमची परवानगी असेल तर हा ब्रश धुऊ का?” मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मुलंही खिदळत होती. काका मात्र हसले नाहीत.

“काका, अशानं दिवसभरात एक चित्र होणार नाही,” मी एकदा वैतागून म्हटलं.

“नाही झालं तर नाही झालं. चित्र त्यांचं आहे. विचारायला नको?”

कागद आम्ही आणलेला, रंग आम्ही आणलेले, आणि परवानगी त्यांची! हे गणित मला कधी सुटलं नाही.

सांगी नऊ-दहा वर्षांची. आई वीटभट्टीवर गेलेली, ही मावशीजवळ. तिनं जुन्या चादरीवर आई काढली, पुरती बाईएवढी. डोक्यावर विटा, पायांत दोन वेगळ्या रंगांच्या चपला. तीन रविवार लागले. आमचं खारघरला प्रदर्शन होतं, देणगीदार यायचे होते आणि ही चादर सगळ्यांत सरस होती. काकांनी रीतसर विचारलं.

“नाय देनार. आय येल तवा तीच पयली बगंल.”

“बरं,” काका म्हणाले. त्यांच्यापुरता विषय संपला. माझा संपेना. कुणी मदत केली नाही तर महिन्याभरात वर्ग बंद पडणार होता. शनिवारी सांगी आसपास नाही असं पाहून मी मावशीला सांगितलं, “सोमवारी आणून देते,” आणि चादर घेऊन गेले.

रविवारचं प्रदर्शन झकास झालं. लोक त्या चपलांपुढून हलत नव्हते. सोमवारी चादर घेऊन पुलाखाली गेले, तर सांगी नव्हती. रविवारी आई आली आणि तिला भट्टीवर घेऊन गेली. “कर्जतच्या अंगाला कुटंतरी,” मावशी म्हणाली. “लय रडली पोर.”

काका ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “तुम्ही विचारलं होतंत त्यांना?”

“मावशीला विचारलं होतं.”

“त्यांना?”

काका चादर घरी घेऊन गेले आणि उन्हाळाभर एसटीनं भट्ट्यांवर हिंडले. सांगी सापडली नाही. इकडे त्या प्रदर्शनामुळे आमचा वर्ग तगला, नवी मुलं आली. मग माझं चुकलं ते नेमकं किती? काका कधी बोलले नाहीत. मलाही ‘अहो’च म्हणत राहिले, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

पावसाळ्यात काका गेले. काकूंनी माझ्या हातात एक गठ्ठा ठेवला. वर काकांचं कारकुनी अक्षर: ‘सांगीताई यांचे चित्र. त्यांच्या आईंनी पाहण्याआधी कृपया इतर कोणी पाहू नये.’

अख्ख्या हॉलनं ते पाहिलंय, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. मग हे का लिहिलं? टोमणा होता, की माफी? खरंच कळत नाही.

दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा पेटल्या. परवा कर्जतजवळच्या एका भट्टीवर गठ्ठा घेऊन गेले आणि विचारलं, “सांगीताई आहेत का इथे? नऊ-दहा वर्षांच्या आहेत.”

बाया खो खो हसल्या. मी हसले नाही.