भिंतीवरचा जमाखर्च

वरवंड ते यवत, हायवेवरच्या निम्म्या ढाब्यांच्या पाट्या महेंद्र पेंटरच्या हातच्या. माणूस मात्र भित्रा. कुत्रं भुंकलं तरी मोटरसायकलवर पाय वर घेणारा.

गावात ग्रामपंचायतीचा जमाखर्च भिंतीवर लिहायचा सरकारी नियम. दरसाल महेंद्र रकाने आखायचा, मथळे रंगवायचा आन् आकड्यांची जागा कोरी सोडायचा. ‘मागनं भरू,’ सरपंचाचा पुतण्या पृथ्वीराज म्हणायचा. मागनं कुणीच भरलं न्हाई. यंदा नव्या ग्रामसेविका आल्या, राजश्रीताई. त्यांनी कामं आन् खर्च लिहिलेला शिक्क्याचा कागद दिला. म्हणाल्या, ‘एक ओळ सोडायची नाही.’ पृथ्वीराज लग्नाला सोलापूरला गेलेला, मग विचारायचं कुणाला? महेंद्रनं सगळं उतरवलं. रंगवताना तो अक्षराचा बाक बघतो, अर्थ बघत न्हाई. सवयीनं कोपऱ्यात ‘महेंद्र आर्ट’ आन् मोबाइल नंबरही टाकून आला.

सकाळपासनं फोन सुरू.

‘विहारापुढचं गटार पूर्ण झालं म्हणं? दाव की रं कुठंय ते!’

‘पेंटर, पंचायतीचा हिशेब आता तूच ठेवतोस व्हय?’

मग पृथ्वीराजचा आला. आवाज एकदम गोड. ‘महेंद्र, निघालोय मी. यायच्या आत भिंत पांढरी पायजे. तुझं पोट हातावर हाय ना? मग हात जप.’

महेंद्रनं फोन पालथा ठेवला.

‘नंबर कशापायी टाकला म्हंते मी?’ बायको अंजना कावली. ‘भिंत वाचून ऑर्डर येणार हुती? जावा, पुसून या. हितंच ऱ्हायचंय आपल्याला.’

चुन्याची बादली घेऊन तो पंचायतीपुढं आला, तर धनगरवस्तीची बानूबाई भिंतीखालीच बसलेली.

‘पेंटर, आमच्या मेंढरांच्या पाण्याचं काय लिवलंय का रं?’

‘पाणी प्यायला हाळ बांधलाय, आज्जी.’

‘कुठं?’

‘तुमच्या वस्तीजवळ.’

म्हातारी खदाखदा हसली. ‘आन् मी येडी रोज मेंढरं कॅनॉलवर नेती! मोठ्यानं वाच की. ह्यास्नी बी ऐकू दे.’

पारावरची माणसं उठून आली. महेंद्र अडखळत वाचत गेला. आपण काय लिहून बसलोय, ते त्याला आत्ता कळत होतं. गटार. हाळ. शाळेचं कुंपण. दर ओळीला कुणीतरी ‘कुठं?’ म्हणायचं आन् तो आणखी बारीक व्हायचा.

खिशात फोन थरथरला.

‘पुसलं का?’

‘पु... पुसतोय.’

ब्रश बुडवून त्यानं फक्त कोपरा पुसला, नाव आन् नंबर. पण त्यानं काय व्हतंय? अक्षर कुणाचं, हे अख्खा तालुका सांगंल.

हायवेकडनं पृथ्वीराजची पांढरी गाडी वळली. महेंद्र बादली उचलून पळायला वळला. बानूबाईनं त्याच्या शर्टाला धरून खाली ओढलं.

‘हितं बस. आमच्या मधी.’

तो बसला. माणसं हलली न्हाईत, उलट जरा दाटून उभी ऱ्हायली. बादलीची कडी त्याच्या मुठीतनं सुटंना. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यानं डोळे गच्च मिटले.