किकुयोचा आकडा

तोमिएला किकुयोचं काही बघवत नसे. दोघी एकाच हिवाळ्यात लग्न होऊन जपानातल्या नागानोच्या या डोंगरी गावात आल्या, तेव्हापासूनचं हे दुखणं. किकुयोचं लोणचं गावभर नावाजलेलं, सून हसतमुख, आणि ऐंशीतही गुडघे शाबूत. वर्षाच्या तपासणीत रक्तातून हृदयावरचा ताण सांगणारा आकडा निघायला लागला, तर तिथेही तीच सरस. आकडा जितका कमी तितकं बरं. तोमिए वर्षानुवर्षं तीनशेच्या आसपास, किकुयो चाळीस.

तपासणीचे निकाल आले की बायकांनी एकीच्या घरी चहा-लोणच्याला जमायचं आणि आपापले आकडे सांगायचे, अशी गावची रीत. यंदा पाळी किकुयोची होती.

"माझा एकशे साठ झालाय," मुळ्याच्या फोडी पुढे करत ती म्हणाली. "तरी तोमिएच्या निम्म्यावरच हं!"

सगळ्या हसल्या. तोमिएच्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात गावची नर्स मिझुहो दारात आली. "किकुयोआजी, डॉक्टरांनी उद्याच शहरातल्या इस्पितळात बोलावलंय."

"मला? अगं, तीनशेवाली ही बसलीये, हिला ने की!"

"त्यांचा आकडा होता तिथेच आहे. तुमचा वर्षात चौपट झालाय. शेजारणीशी नाही हो, स्वतःच्या गेल्या वर्षाशी ताडून बघायचं. हृदय थकतंय तुमचं. जिवावर बेतेल."

"मला काही झालेलं नाही. मी नाही जायची."

तोमिएच्या मनात आधी आलं, बोलावणंही हिलाच! मग तिची नजर किकुयोच्या पायांवर गेली. मोज्याची कड सुजलेल्या घोट्यात रुतली होती.

"बरं झालं," ती मोठ्याने म्हणाली. "मिझुहो, हिच्याऐवजी मी जाते. मोठे डॉक्टर, नवी यंत्रं! आणि हिची सून नेईल मला गाडीतून. माझ्याशी जास्त गोड बोलते ती."

किकुयो ताडकन उठली, आणि धापा टाकत दाराला धरून उभी राहिली.

"माझी सून? आणि तुला नेणार? मीच जाते उद्या!"

"जा की मग. अडवलंय कुणी?"

सकाळी नवा कोट घालून किकुयो निघाली. सून तिला हात धरून गाडीत बसवत होती. खिडकीतून बघताना तोमिएचा पुन्हा जळफळाट झाला. गाडी वळणाआड गेली तशी तिला रडू फुटलं.

"परत ये गं बये," ती म्हणाली. "मी आता जळू कुणावर?"