स्वामीबाई जिवंत आहेत

उदगीरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा मायनं डोळ्याला पदर लावला आणि अप्पा तिच्यावर खेकसले, "रडायला काय झालं? हैदराबाद काय परमुलूख हाय? माझ्या बापानं तिथं कोर्टाच्या तारखा केल्यात." निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांचं जमिनीचं भांडण हैदराबादेपर्यंत गेलं होतं आणि तिथं ते हरले होते. हे दुसरं अप्पांनी सांगितलं नाही. मायनं धपाट्यांची पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवली, खिडकीतून हात घालून माझी वेणी मागं सारली आणि म्हणाली, "उगं कुणाचं ऐकून घिऊ नको." बाकीच्या आया लेकीला धाडताना पडतं घे, जपून राहा असं सांगतात. माझी माय ही अशी. तेव्हा माझ्या रागाचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचंच असेल तर आधी तिचा विचार करा.

हे मी आपल्या वर्गातल्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. गावात राहिलेल्यांसाठी, चाकणच्या कारखान्यांत गेलेल्यांसाठी, लातूरला दुकानं टाकलेल्यांसाठी आणि मस्कतला गेलेल्या एकट्या रशीदसाठीही. परवा आपल्या शाळेत सत्काराचा कार्यक्रम झाला. त्याचे फोटो तुमच्या ग्रुपवर आले असतील, हार, फेटे, हसरे चेहरे. त्या फोटोंत जे दिसत नाही ते मला सांगायचं आहे, आणि ते शांतपणे सांगायला मला जमणार नाही.

हैदराबादला मी बियाणांच्या कंपनीत लॅबमध्ये लागले. पहिल्या दिवशी सुपरवायझर अम्मांनी मला बी उगवून बघायचं एक मोठं कपाट उघडून दाखवलं. आत ट्रे, ट्रेमध्ये ओल्या कागदाच्या गुंडाळ्या, गुंडाळ्यांत ओळीनं बी. "जर्मिनेटर," त्या म्हणाल्या, "गिनो, पर्सेंट लिखो." मला तिथं उभ्या उभ्या हसू फुटलं. अम्मांना वाटलं, पोरगी घाबरली. मला मात्र आपल्या शाळेची तिसरी खोली दिसत होती, आणि खिडकीच्या कट्ट्यावर सुतळीनं बांधलेलं काळपट गोणपाट. एअर कंडिशनर आणि पांढरा कोट सोडला तर दोन्हींत फरक काही नव्हता. आज मी त्याच लॅबची इन्चार्ज आहे, तेलुगूत भांडते, दख्खनीत भाजी घेते आणि मराठीत फक्त चिडते.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी गोणपाटाची गोष्ट पुन्हा सांगते. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादच्या फेऱ्या संपल्या म्हणून मोठ्या माणसांनी पेढे वाटले होते, आणि पेढ्यांची चव जिभेवरून जाते न जाते तोच पाऊस गेला. खरीप करपलं. गावात टँकर यायला लागला. त्या वर्षी आपल्याला स्वामीबाई होत्या. कपाळाला विभूती, पायात टायरच्या चपला, आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा आपापले पाढे विसरून आमचे म्हणायची. शेकडेवारीचा धडा आला तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "उद्या येताना घरनं मूठभर बी आणा. रब्बीला पेरायचं हाय ते."

गोणपाटाचा तुकडा ओला करायचा. त्यावर दहा दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, सुतळीनं बांधायची आणि ओल टिकवायची. पाणी कुठलं? टँकरचं पाणी तर प्यायला पुरत नव्हतं. बाईंचा नियम होता, पिऊन पेल्यात राहिलेला घोट गोणपाटावर ओतायचा. आपण घोट मुद्दाम राखायचो. चार-पाच दिवसांनी गुंडाळी उघडली की कोंब मोजायचे, आणि तीच शेकडेवारी. गणितही तेच, विज्ञानही तेच, आणि "माझ्या आवडत्या दाण्यास पत्र" हा निबंधही तोच. हळूहळू पोरांचे बाप शाळेच्या दारात येऊन उभे राहायला लागले. "बाई, आमचं बी बघा की." गावात बाईंच्या गोणपाटाला विचारल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही, असा रिवाजच पडला.

त्याच हंगामात तालुक्याच्या एका व्यापाऱ्यानं गावात ज्वारीचं बियाणं आणून टाकलं. दुष्काळातलं, उधारीवरचं. नड असलेला माणूस दाणा दातानं फोडून बघत नाही. बाईंनी मात्र त्याचं बी गोणपाटात बांधलं, आणि उघडलं तेव्हा निम्म्या दाण्यांनाही कोंब नव्हता. खात्री करायला पुन्हा बांधलं. पुन्हा तेच. तेव्हा बाई महादेवाच्या देवळापुढच्या पारावर गेल्या आणि चार माणसांत उभ्या राहून बोलल्या, "हे बी मेलेलं हाय. पेरू नका. ओल एकदाच हाय रानात, ती वाया घालवू नका." अप्पा त्या दिवशी पोतं परत देऊन आले आणि जेवताना म्हणाले, "बाई लई धीराची हाय. पण हे तिला पचू देतील असं वाटत न्हाई मला."

अप्पांचं बोलणं खरं झालं. व्यापारी शाळेच्या कमिटीवर होता. बाई पोरांना शिकवत नाहीत, शेतातली कामं करून घेतात, अशी तक्रार गेली. शेतातली कामं! आपण आपल्या रानात निंदत होतो, शेण काढत होतो, त्याची कुणाला कधी तक्रार सुचली नव्हती. बी मोजलं ते मात्र सगळ्यांना खुपलं.

मग थंडीत नव्या जिल्ह्याचे साहेब शाळा बघायला यायचे ठरलं. शाळेत शेतीचा उपक्रम चालतो हे त्यांच्या कानावर गेलं होतं. हेडमास्तरांची तारांबळ उडाली, कारण दाखवायला होतं काय? एक कळकट गोणपाट. पाहुणा येणार म्हटलं की आपल्याकडं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी पाटलांच्या विहिरीवरची हिरवीगार ज्वारी बुडापासनं कापून बैलगाडीनं आणली. झेंड्याच्या खांबाजवळ चर खणले आणि ती ताटं ओळीनं खोचली. वर टँकरचं पाणी सोडलं. ज्या शाळेत आपण घोट राखत होतो त्या शाळेत प्यायचं पाणी मूळ नसलेल्या ताटांना पाजलं, आणि गोणपाट भिंतीपलीकडं फेकून दिलं. आत कोंब आलेले होते.

साहेबांनी "प्लॉट" पाहिला. एवढ्या दुष्काळात एवढं पीक म्हणून ते थक्क झाले. शाळेला ढाल मिळाली आणि हेडमास्तरांना हार. दोन दिवसांनी ताटं माना टाकून पडली, ती हेडमास्तरांच्या म्हशीनं खाल्ली. उन्हाळ्यात बाईंच्या बदलीचा हुकूम आला, निलंग्याच्या पलीकडं सीमेवरच्या एका वाडीला. आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात दुसरेच गुरुजी होते आणि त्यांनी शेकडेवारी पुस्तकातनं शिकवली. ढाल अजून ऑफिसात आहे. मी परवा बघितली, तिच्यावर धूळ नव्हती.

आता परवाचं. दिवाळीनंतर मला शाळेतनं फोन आला. "म्याडम, वर्गात शेती शिकवणाऱ्या शिक्षकांचा सत्कार ठिवलाव. तुमी बियाणाच्या लाइनीत हायत, पाहुण्या म्हणून या." मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी लगेच विचारलं, "स्वामीबाईंना बोलावलंय ना?" पलीकडून उत्तर आलं, "त्याला प्रस्ताव लागतो म्याडम. स्वतः भरून द्यावा लागतो. फोटो लागतात. आन् चालू नोकरी लागती." म्हणजे ज्यानं चांगलं काम केलं त्यानंच लिहून द्यायचं की मी चांगलं काम केलं, आणि करताना फोटो काढून घ्यायचे. स्वामीबाईंचा फोटो कोण काढणार होतं, तो व्यापारी?

तरी मी गेले. म्हटलं, पाहुणी आहे तर दोन शब्द बोलायला देतीलच. शाळा रंगवलेली, गेटवर परसबागेची पाटी. आत झेंड्याच्या खांबाजवळ टोमॅटो, वांगी, मिरची, सगळं एका उंचीचं, सगळं एकाच दिवशी जन्मल्यासारखं. जवळ जाऊन बघितलं तर मातीतनं काळ्या प्लास्टिकच्या कडा वर आल्या होत्या. नर्सरीच्या पिशव्या, पिशवीसकट पुरलेल्या. एवढी वर्षं गेली, जिल्हा म्हातारा झाला, आणि खोचायची खोड तीच. ज्या तरुण गुरुजींचा सत्कार होता त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही, हे इथंच लिहून ठेवते. ते वर्गात तिफणीच्या फणांवर समांतर रेषा शिकवतात, मी पोरांना विचारून खात्री केली. पिशव्या पुरायचं त्यांना सुचलं नव्हतं, ते त्यांच्याकडून करवून घेतलं होतं. त्यांना शाल मिळाली ती बरोबर मिळाली.

मी बोलायला उभी राहिले. गोणपाट सांगितलं, राखलेला घोट सांगितला, पारावरचं सांगितलं. व्यापाऱ्याचं नाव घेतलं नाही, पण पहिल्या रांगेत खुर्च्या हलल्या. शेवटी मी एवढंच म्हटलं, "स्वामीबाईंसारखी बाई पुन्हा होणार नाही," आणि खाली बसले. सूत्रसंचालकानं माईक हातात घेतला, मान खाली घातली आणि भारदस्त आवाजात म्हणाला, "कैलासवासी स्वामीबाईंच्या आत्म्यास शांती लाभो, यासाठी सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

आणि सगळे उभे राहिले! आमदारांनी पाठवलेले पाहुणे उभे राहिले, कमिटी उभी राहिली, पोरं हात जोडून उभी राहिली. मी हैदराबादेत इतकी वर्षं कमावलेली सगळी सभ्यता त्या क्षणी गळून पडली. मी ओरडले, "अवो मेल्या न्हाईत त्या! जित्या हायत! उदगीरला ऱ्हातात!" तर सूत्रसंचालकानं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं आणि दोन मिनिटं पुरी झाल्यावरच "धन्यवाद, बसावे" म्हणाला. नंतर चहाच्या वेळी मला समजावलं, "असू द्या म्याडम, मान तर मिळालाच की."

मी चहा तसाच ठेवला आणि उदगीरला गेले. किल्ल्याच्या रस्त्याला पुतण्याच्या घरी बाई राहतात. पाठीत वाकल्या आहेत, आवाज मात्र तसाच. मला वाटलं होतं, हे सांगू नये, म्हाताऱ्या जिवाला लागेल. पण मला, तुमच्या या मंगलला, गप्प बसता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. सगळं सांगितलं. बाई आधी खदाखदा हसल्या, इतक्या की पुतण्याची सून पाणी घेऊन पळत आली. मग हसणं थांबलं.

"मी मेले म्हणून उभे ऱ्हायले होय ग," बाई म्हणाल्या. "जिती होते तवा एक जण उभा ऱ्हायला नव्हता."

मी नेहमीचं काहीतरी बोलायला गेले. तुम्हाला मानाची कधी हाव नव्हती, तुमचे विद्यार्थी हाच तुमचा सत्कार, असं आपण शिक्षकांना फुकट देतो तसलं. बाईंनी मला वर्गात गप्प करायच्या तसं गप्प केलं.

"कुणी सांगितलं हाव नव्हती? मला ती ढाल पाहिजे होती. माझी होती ती. निलंग्याच्या पल्याडच्या वाडीत मी सोळा पोरांना गोणपाट शिकवलं, तितंबी शिकवलं, पण रोज सकाळी उठल्यावर मला राग येत होता. अजून येतो. त्याग केला, त्याग केला म्हणत्यात. मी काही सोडलं न्हाई, माझ्याकडनं घेतलं."

मला त्या क्षणी माझी माय आठवली, खिडकीतून वेणी मागं सारणारी. माय आता नाही, अप्पा नाहीत, आमचं घर दुसऱ्याच्या नावावर आहे. हैदराबादेत मला विचारतात, तुम्हारा गाँव में कौन है? मी सांगते, कोई नहीं. ते खोटं आहे, हे मला बाईंच्या पुढ्यात बसल्यावर कळलं. हैदराबादेत रस्ता खणून ठेवतात, पाणी सोडत नाहीत, मी वैतागते आणि झोपून जाते. आपल्या शाळेतल्या एका फेकलेल्या गोणपाटानं मात्र इतक्या वर्षांनी माझी झोप उडते. ज्या जागेवरचा अन्याय आपल्याला अजून स्वतःचा वाटतो ते आपलं गाव, बाकी सगळे पत्ते.

तेव्हा ऐका. पुढच्या रब्बीच्या पेरणीआधी एक रविवार आपण ठरवू. चाकणवाल्यांनी सुट्टी काढायची, रशीदनं तिकीट काढायचं, गावात राहिलेल्यांनी मंडप बघायचा. प्रत्येकानं मूठभर बी आणायचं, गोणपाट मी आणते. झेंड्याच्या खांबाजवळ खुर्ची टाकायची, ऑफिसातली ढाल काढायची आणि बाईंच्या हातात द्यायची. शाळा हो म्हणो की नको. आणि त्या आल्या की आपण सगळ्यांनी उभं राहायचं.

बाईंना मी हे विचारलं तेव्हा भीत भीत म्हटलं, तुम्हाला त्रास नको, घरीच छोटासा कार्यक्रम करू. बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"घरी कशाला? शाळेतच," त्या म्हणाल्या. "आन् माईक पाहिजे. मला बोलायचं हाय."